पांढरा ॲप्रन काय सांगतो?

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले की पहिली-दुसरीतली काही मुले रडू लागतात. डॉक्टरांनी अजून हातही लावलेला नसतो. मुले घाबरतात ती ॲप्रनला. पूर्वी टोचलेल्या सुईची आठवण त्या कपड्याशी जोडली गेलेली असते. याउलट, खेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आलेल्या आजोबांना गर्दीत तोच ॲप्रन दिसला की हायसे वाटते. कपडा एकच, परिणाम दोन. असे का होते, ते पाहू या.

अनोळखी माणसाविषयी आपण पटकन अंदाज बांधतो. त्याचे ज्ञान दिसत नाही, कपडे दिसतात. म्हणून कपडा ही खूण ठरते. पण ही खूण शिकलेली असते, उपजत नसते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले शल्यविशारद काळा कोट घालूनच शस्त्रक्रिया करत. १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि पुढे स्वच्छतेची खूण म्हणून पांढरा रंग आला. टॉमस एकिन्स या चित्रकाराने फिलाडेल्फियातल्या शस्त्रक्रियांची दोन चित्रे काढली. १८७५ च्या चित्रात डॉक्टर काळ्या कोटात आहेत, तर १८८९ च्या चित्रात पांढऱ्या पोशाखात. या दोन चित्रांच्या मधल्या काळात, १८८६ साली, त्याच शहरात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांचे १८८५ चे छायाचित्र साडीतले आहे!

आज मात्र ॲप्रनची खूण पक्की झाली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ४०० जणांना डॉक्टरांची वेगवेगळ्या पोशाखातली छायाचित्रे दाखवली. सुमारे ७६ टक्के लोकांनी पांढरा कोट पसंत केला. साध्या, घरगुती कपड्यांना पाच टक्केही मते मिळाली नाहीत.

हा प्रभाव केवळ मतापुरता राहत नाही. १९८३ मध्ये इटलीतल्या मांचिया आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचा रक्तदाब सतत नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच काही मिनिटांत वरचा रक्तदाब सरासरी २७ मिलिमीटरने चढला. पुढच्या अभ्यासात परिचारिकेने मोजल्यावर ही वाढ सुमारे निम्मीच भरली. कारण एकटा कपडा नव्हे, डॉक्टरांच्या उपस्थितीचा ताण. पण या परिणामाला नाव पडले ते पांढऱ्या कोटाचेच. म्हणूनच पाच मिनिटे शांत बसवून मग रक्तदाब मोजावा, असे सांगतात.

आता ॲप्रन काय सांगत नाही, तेही पाहू. तो स्वच्छतेची हमी देत नाही. बाह्यांवर जंतू साचतात, म्हणून ब्रिटनने २००७ मध्ये रुग्ण तपासताना कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण जाहीर केले. तो शिक्षणाचीही हमी देत नाही. ॲप्रन बाजारात कोणालाही विकत मिळतो आणि बोगस डॉक्टरही तो घालतो. ज्ञानाची खरी खूण म्हणजे नोंदणी क्रमांक. २००२ च्या नियमांनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक आहे. दुसरीकडे, गावातलीच असलेली आशाताई ॲप्रन घालत नाही, पण ओळखीमुळे बाळंतीण तिच्याशी मोकळेपणाने बोलते.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. एकाच माणसाची तीन चित्रे फळ्यावर काढा: ॲप्रनमध्ये, साध्या शर्टात आणि मळक्या सदऱ्यात. ‘ताप आला तर कोणाकडे जाल?’ असे विचारा, मते मोजा. मग विचारा, ‘हा डॉक्टर आहे, हे कशावरून ठरवाल?’ मुलांना घरच्या जुन्या चिठ्ठ्यांवर नोंदणी क्रमांक शोधायला सांगा. आणि आरोग्य पथक येईल तेव्हा तपासणीआधी डॉक्टरांना मुलांशी चार गप्पा मारू द्या, स्टेथोस्कोप मुलांच्या कानाला लावू द्या. भीती शिकलेली असते, तसा विश्वासही शिकता येतो. तो कपड्यावर न ठेवता माणसावर आणि पुराव्यावर ठेवावा, एवढे मुलांना उमगले तरी पुष्कळ.