महापुरात दगा देणारी हातभर तार

पन्हाळगडावर धुके उतरू लागले की पायथ्याच्या गावांचे लक्ष नदीकडे लागते. पन्हाळा तालुक्यातून वाहणारी कासारी पुढे प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगेला मिळते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फूट गाठले की इशारा आणि ४३ फूट गाठले की धोका, हे गणित येथील प्रत्येकाला पाठ आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत पाणी या रेषेच्या कितीतरी वर गेले. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आले की कोल्हापूरहून वाघबीळमार्गे गडाकडे जाणारी नेहमीची वाट तुटते. २०१९मध्ये चिखली आणि आंबेवाडीतील ग्रामस्थांना बोटींतूनच बाहेर काढावे लागले होते.

या बोटींचा भरवसा असतो तो मागे बसवलेल्या आउटबोर्ड मोटारीवर. बचाव पथकांच्या भाषेत ही 'ओबीएम'. वर्षातले बहुतेक महिने ती गोदामात पडून असते आणि गरज लागते ती नेमकी मुसळधार पावसात. अशा जुन्या मोटारीत पेट्रोल आणि ऑइल बदलले जाते, पंखा पाहिला जातो. पण स्पार्क प्लगला वीज पोचवणाऱ्या तारेकडे सहसा कोणी पाहत नाही. मेकॅनिक तिला 'एचटी वायर' म्हणतात.

शेतीच्या डिझेल इंजिनाची सवय असलेल्या माणसाला ही तार अपरिचित असते. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेवरच इंधन पेटते. तेथे प्लगच नसतो. पेट्रोलच्या मोटारीत मात्र ठिणगी लागते. त्यासाठी इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचा दाब निर्माण करते आणि तो या तारेतून प्लगपर्यंत जातो. एवढा दाब आत कोंडून ठेवायचे काम तारेवरचे रबर करते. इंजिनाची उष्णता, तेलाचा ओलावा आणि वय यांमुळे हे रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. वीज नेहमी सोपी वाट शोधते. दमट हवेत ती प्लगपर्यंत न जाता चिरेतून इंजिनाच्या धातूत उतरते.

दोन सिलिंडरच्या मोटारीत एक तार अशी गळू लागली, तर निम्मी शक्तीच नाहीशी होते. मोटार 'मिसिंग' करते, रिकामी बोट कशीबशी ओढते. पण माणसे भरून प्रवाहाविरुद्ध जाताना दम सोडते. शिवाय झाकणाखाली पेट्रोलची वाफ साठली असेल, तर बाहेर पडणारी ठिणगी आगीलाही निमंत्रण देऊ शकते.

तपासणी अवघड नाही. मोटार बंद असताना तार हलकेच वाकवून पाहावी. चिरा, पांढुरके डाग, ताठपणा किंवा टोपीत हिरवट गंज दिसला, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. संशय उरल्यास अंधारात, मोकळ्या हवेत आणि पेट्रोलचा वास नसल्याची खात्री करून मोटार चालवावी. तारेवर निळसर ठिणग्या चमकल्या की निदान पक्के. या वेळी तारेला हात लावू नये. मोटार कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपाचे रबर जळते, म्हणून तिचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडालेला असावा.

तार बदलताना मोटार थंड असावी, सुरक्षा दोरी काढलेली असावी आणि बॅटरी असल्यास तिची जोडणी सोडवावी. तार धरून ओढू नये. टोपी थोडी फिरवून सैल करावी. एका वेळी एकच तार काढावी, म्हणजे सिलिंडरांची अदलाबदल होत नाही. नवी तार जुन्या तारेइतक्याच लांबीची घ्यावी आणि फिरत्या चक्राला किंवा तापलेल्या भागाला टेकणार नाही, अशी पट्ट्यांत बसवावी. टोपीतली स्प्रिंग तारेच्या गाभ्याला घट्ट भिडली पाहिजे. टोपीच्या तोंडाशी थोडे सिलिकॉन ग्रीस लावल्यास ओल आत शिरत नाही.

येथे एक चूक हमखास होते. जुन्या मोटारींत अनेकदा तांब्याच्या गाभ्याची तार असते. तिच्या जागी मोटारगाडीची कार्बन गाभ्याची तार बसवली, तर विरोध वाढून ठिणगी दुबळी होऊ शकते. म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेलीच तार वापरावी. काही मोटारींत तार कॉइलमध्येच ओतलेली असते. तेथे जोडकाम न करता पूर्ण कॉइल बदलणे इष्ट.

शेवटी नवी तार बसवलेली मोटार पिंपात चालवून पाहणे पुरेसे नाही. मे महिन्यातच तलावात बोट उतरवावी, त्यात पूर्ण भार घ्यावा आणि अर्धा तास मोटार चालवावी. एक सुटी तार, दोन प्लग आणि प्लगचा पाना बोटीतच ठेवावा. पूर ओसरेपर्यंत दुकाने उघडत नाहीत आणि छतावर बसलेल्या कुटुंबाला मोटार का बंद पडली, याचे कारण ऐकायचे नसते.