पोलादाला ठिगळ नको!

अंबरनाथला आमच्या शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात. कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरायचे आणि माझगावच्या बाजूला बोटी दुरुस्त करायच्या, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. एकदा मी सहज म्हणालो, "काका, बोटीला भोक पडले की वरून पत्र्याचे ठिगळ मारायचे, एवढेच ना?"

"सर, ठिगळ सदऱ्याला!" काका हसले. "बोटीला मारले तर दोन पत्र्यांमध्ये गंज दडून बसतो. आम्ही सडका भाग कापूनच काढतो."

कापण्याआधी पत्र्याची जाडी मोजतात. टाकीतील तेलाची वाफ घालवतात, नाहीतर पहिलीच ठिणगी जीव घ्यायची. मग गॅसच्या ज्योतीने चौकोन कापायचा, पण कोपरे गोल ठेवून. काटकोनात ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'लिबर्टी' जहाजांनी हा धडा दिला. त्यांच्या चौकोनी झडपांच्या कोपऱ्यांतून तडे जात. १९४३ च्या जानेवारीत 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज तर पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात, उभ्या उभ्या दुभंगले. सदोष वेल्डिंग आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, दोन्ही नडली.

नवी प्लेट तेवढ्याच जाडीची घेतात, कडा उतरत्या तासतात. वेल्डिंग सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांनी करतात. नाहीतर निवताना आकसून पत्रा पापडासारखा वाकतो. शेवटी परीक्षा. सांध्याच्या एका अंगाला खडूचे पाणी फासायचे, दुसऱ्या अंगाला रॉकेल. केसाएवढी फट असली तरी पांढऱ्यावर तेलाचा डाग उमटतो.

अशीच एक बार्ज नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तयार झाली. मालकाला घाई, घरी मुले आकाशकंदिलाखाली वाट पाहत असलेली. आणि खडूवर मोहरीएवढा डाग! काकांखेरीज तो कुणीच पाहिला नव्हता.

"मग?"

"मग काय? ग्राइंडर लावला, सांधा उकरला, पुन्हा भरला. शेवटची गाडी चुकली. पहाटे घरी आलो तेव्हा मुलांची अंघोळ उरकली होती. धाकटी दोन दिवस बोलली नाही."

"डाग पुसून टाकला असता तर कुणाला कळले असते?"

काका क्षणभर थांबले. "बार्जवर सात माणसे होती, सर. त्यांच्याही घरी दिवाळी होतीच की."

त्या रात्री मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सोडला. घाईत तपासलेल्या चार पुन्हा पाहिल्या.