दोष हाताचा की वस्तूचा?

पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या घरी सकाळचा चहा हा आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. तो घड्याळाचा प्रश्न असतो. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींतून पहाटे पाचालाच स्वयंपाकघरांचे दिवे लागतात. कंपनीची बस ठरल्या वेळी चौकात येते, आणि कोणाचा चहा राहिला आहे म्हणून ती थांबत नाही.

अशा एका पहाटेची हकीकत सांगून विषयाला प्रारंभ करतो. आधण उकळू लागले होते. चहाची नवी पुडी फोडावयाची होती. पुडीच्या कोपऱ्यावर बाण काढून 'येथे फाडा' असे छापलेले होते. आम्ही आज्ञाधारकपणे तेथे फाडू लागलो, पुडी हलेना. जोर केला, तशी ती जी फाटली ती थेट बुडापर्यंत, आणि निम्मी पत्ती ओट्यावर पसरली. मग दुधाची पिशवी. कात्री जागेवर नव्हती. नखाने ओढले तर पिशवी फाटण्याऐवजी लांबच लांब ताणली गेली. शेवटी दात लावला आणि दुधाची धार सदऱ्यावर आली. एवढे सोसून झालेला चहा सांडशीने पातेले धरून कपात ओतू गेलो, तर अर्धी धार कपात आणि अर्धी पातेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळत बशीत. आतून आवाज आला, "किती तो धांदरटपणा!"

आजच्या विवेचनाचा विषय हा 'धांदरटपणा' शब्दच आहे. चहा सांडला, पुडी फाटली, झाकण निघाले नाही, की आपण हाताला दोष देतो. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा हा दोष हाताचा नसून वस्तूचा असतो. आणि ही गोष्ट आपल्या गावाइतकी दुसऱ्या कोणत्याही गावाला चांगली ठाऊक नाही. फक्त ती आपण कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी येतो.

प्रथम सांडलेल्या चहाचा विचार करू. भांड्याच्या काठावरून पातळ पदार्थ ओतताना तो धार धरून सुटण्याऐवजी काठाखाली वळून भांड्यालाच चिकटत वाहतो. या प्रकाराला शास्त्रज्ञांनी 'चहादाणीचा परिणाम' असे नावच दिले आहे. मार्कुस रायनर यांनी 1956 साली या कोड्याकडे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी त्याचे गणित मांडले. धार काठावरून वळताना तिच्या आतल्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून बाहेरची हवा धारेला भांड्याकडे ढकलते. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, चहाने भांड्याचा पृष्ठभाग किती भिजतो आणि काठाची कड किती धारदार आहे यांवरही हे अवलंबून असते.

यातून घरच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. एक, धारेला वेग असेल तर ती सुटते; वेग कमी पडला की चिकटते. सांडेल या भीतीने आपण सावकाश ओतू लागतो, आणि सावकाश ओतल्यामुळेच चहा सांडतो! दुसरी, जाड आणि गोल वळवलेल्या काठाचे पातेले हटकून ओघळते. पातळ, धारदार चोच काढलेले भांडे त्या मानाने स्वच्छ ओतते. म्हणजे बशीत आलेला चहा हा बऱ्याच अंशी पातेल्याच्या काठाचा हिशेब आहे.

आता पुडीकडे वळू. चहाची, बिस्किटांची, फरसाणाची वेष्टणे अनेकदा निरनिराळ्या पातळ थरांची केलेली असतात. त्यांतील काही थर तयार होतानाच उभे-आडवे ताणून घट्ट केलेले असतात. अशा पापुद्र्याची कड अखंड असेल तर तो विलक्षण चिवट असतो. पण कडेला लहानशी चीर पडली की लावलेला सारा जोर त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर धावत सुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली काचेवरील प्रयोगांतून तडे जाण्याचे जे तत्त्व सांगितले, त्याच जातीची ही गोष्ट आहे. म्हणून तर काही पुड्यांची कड करवतीच्या दात्यांसारखी कापलेली असते. प्रत्येक दात म्हणजे तयार चीर. जेथे बाण छापला पण चीर दिली नाही, तेथे सूचना आहे, सोय नाही. आणि जेथे चीर दिली पण ती कोठे थांबावी याचा विचार केला नाही, तेथे पत्ती ओट्यावर येणारच.

दुधाच्या पिशवीचा स्वभाव याच्या उलट. ती पॉलिथिनची असते. ओढली तर ती फाटत नाही, ताणली जाते. हा तिचा गुणच आहे, कारण पहाटे क्रेटमधून आदळत-आपटत येताना तिने फुटता कामा नये. ज्यांनी मुंबईत आरे वसाहतीच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या वापरल्या आहेत, त्यांना ते पातळ पत्र्याचे झाकण आठवत असेल: अंगठ्याने दाबावे की उघडले. उघडावयास सोपी, पण वजनाला जड, फुटण्याची धास्ती, आणि रिकामी परत पोचवावयाची. पिशवीने वाहतुकीचे प्रश्न सोडविले आणि उघडण्याचा एक प्रश्न आपल्या ओट्यावर आणून ठेवला.

येथे मूळ कारण ध्यानी येते. वेष्टण भरणाऱ्या यंत्राला सोयीचे असावे लागते, ट्रकला सोयीचे असावे लागते, दुकानदाराच्या फळीला सोयीचे असावे लागते. ते उघडणारा माणूस या रांगेत शेवटचा. आणि आराखडा ठरतो त्या टेबलापाशी तो हजर नसतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर विवेचन एकांगी होईल. काही वेष्टणे मुद्दाम अवघड केलेली असतात, आणि त्यामागे दुःखद अनुभव आहेत. 1982 साली अमेरिकेतील शिकागो शहराच्या परिसरात दुकानातील औषधाच्या कुप्यांमध्ये कोणी सायनाइड मिसळले आणि सात माणसे प्राणास मुकली. त्यानंतर तेथे, कोणी आधी उघडले असल्यास ते तात्काळ दिसून यावे अशी मोहोरबंद वेष्टणे औषधांना सक्तीची झाली. दुधातल्या पाण्याचा आपला अनुभव तर जुनाच आहे. तेव्हा बंद मोहोर म्हणजे विश्वास. तो नको असे कोणीच म्हणणार नाही.

परंतु घट्ट बंद असणे आणि सुखाने उघडणे यांचे हाडवैर आहे काय? याचे उत्तर आपल्या पिंपरीतच मिळते. 1954 साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते, आणि 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. इंजेक्शनच्या अशा औषधाची कुपी डोळ्यांपुढे आणा. तोंडाशी रबराचे बूच, त्यावर अल्युमिनियमची घट्ट टोपी. आत जंतूचा शिरकाव नाही. परंतु परिचारिकेने टोपीच्या मधली लहानशी चकती उचलली की सुई बुचातून सरळ आत जाते, आणि बाहेर काढल्यावर रबर आपले छिद्र आपणच मिटवून घेते. कुपी बंद कशी करावी याचा विचार करणाऱ्याने ती कोणाच्या हातून, कोणत्या घाईत उघडली जाणार आहे याचाही विचार केला होता. जे कुपीला साधले ते चहाच्या पुडीला साधू नये, असे काही निसर्गाचे बंधन नाही.

आता कारखान्यात चला. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत 'पोका-योके' हा जपानी शब्द सुट्या भागांवर काम करणाऱ्या मुलांच्याही तोंडी आहे. त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. 1961 साली शिगेओ शिंगो हे अभियंते जपानमधील एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात गेले होते. तेथे एका लहान बटणाखाली दोन स्प्रिंगा बसवाव्या लागत, आणि कामगार कधी कधी एक बसवावयास विसरत. त्यांना ताकीद देणे चालूच होते. शिंगो यांनी ताकीद बंद केली आणि एक बशी ठेवली: कामाला हात घालण्यापूर्वी दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवावयाच्या. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली, तर चूक झाली हे तेथल्या तेथे कळते.

या युक्तीला प्रथम 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. 1963 साली दुसऱ्या एका कारखान्यात हे नाव ऐकून एका कामगार स्त्रीला रडू कोसळले: मी का मूर्ख आहे? शिंगो यांनी नाव बदलले. 'पोका-योके' म्हणजे अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून बचाव. माणूस मूर्ख नसतो. चूक मात्र कोणाच्याही हातून होते, आणि ती होऊ नये अशी तजवीज वस्तूत करावयाची असते. एका शब्दाच्या बदलात केवढा माणुसकीचा विचार आहे पहा!

आपल्याकडील चांगल्या कारखान्यांत हा विचार रुजला आहे. भाग उलटा बसत असेल तर तो उलटा बसूच नये अशी खाच किंवा खुंटी दिली जाते. जुळणीच्या साखळीवर सुटे भाग खणाखणांच्या पेटीत, हात घातला की मिळतील असे मांडलेले असतात. बोल्टची पिशवी दाताने फाडत उभा असलेला कामगार तेथे कोणी खपवून घेईल काय? पुढच्या ठाण्यावर काम करणारा माणूस आपले गिऱ्हाईक समजावा, हे तेथे शिकविले जाते. मग स्वयंपाकघर हे त्या साखळीचे शेवटचे ठाणे नव्हे काय? दिवसभर यंत्राची चूक शोधणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन, बरणीचे झाकण निघत नाही म्हणून बायकोला नावे ठेवतो, हा आमच्या पाहण्यातला नव्हे, आमच्या हातून घडलेला प्रकार आहे.

हे सारे क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. आमच्या मातोश्रींना काही वर्षांपूर्वी बोटांच्या सांध्यांचे दुखणे जडले. त्यांनी दुपारचा चहा सोडला. "आता नको वाटतो," म्हणत. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. चहा नकोसा झाला नव्हता. पुडी आणि पिशवी उघडून देण्यासाठी दर वेळी सुनेला हाक मारणे नकोसे झाले होते. आम्ही पत्ती सैल झाकणाच्या डब्यात काढून ठेवली, दूध सकाळीच पातेल्यात ओतून ठेवू लागलो, आणि चोचीचे लहान पातेले आणले. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी आपला चहा आपण केला, आणि आम्हांलाही अर्धा कप दिला. आपला चहा आपल्या हाताने करून घेता येणे, ही म्हातारपणी लहान स्वतंत्रता नव्हे.

तेव्हा करावे काय? घरात कात्रीला ओट्याजवळ खिळा ठोकून कायमची जागा द्यावी. पिशवीचा कोपरा पुरता कापू नये, लटकता ठेवावा. तो चिमुकला तुकडा पिशवीबरोबर परत जात नाही, गटारात जातो. दुसरे, बंद पाकिटावर तक्रारीसाठी पत्ता व दूरध्वनी छापणे कायद्याने आवश्यक आहे. तो वाचावा आणि दोन ओळी लिहाव्यात. बाण होता, चीर नव्हती, एवढे लिहिले तरी पुरे. आपण गप्प बसतो, म्हणून टेबलापाशी बसलेल्यांना सर्व ठीक आहे असे वाटते.

तिसरी विनंती या सभागृहातील अभियंत्यांना व आराखडे करणाऱ्या तरुणांना आहे. आपण जी वस्तू कराल ती एकदा घरी न्या आणि आपल्या आईच्या हातात द्या. शब्दाने काही सांगू नका, नुसते पाहत राहा. तिचा हात जेथे अडेल, तेथे आपले काम अजून संपलेले नाही.