दुखणं हातात, कारण छातीच्या तोंडाशी

दोन्ही कॉलरबोनच्या मधल्या खाचेत हलकेच बोट ठेवा. आत लागते ती श्वासनलिका. तिथूनच ती छातीच्या पिंजऱ्यात उतरते. या पिंजऱ्याच्या वरच्या तोंडाला मागे पाठीचा पहिला मणका, बाजूंना पहिल्या बरगड्या आणि पुढे उरोस्थीची वरची कड असते. प्रौढांमध्ये त्याची रुंदी साधारण 10-11 सेंमी, पण पुढून मागे अंतर जेमतेम 5-6 सेंमी. त्यातून अन्ननलिका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि श्वासपटलाच्या नसाही जातात. हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्यांचा जथा पहिल्या बरगडीवरून वळतो. इथे दाटी झाली की त्रास भलतीकडेच जाणवतो.

गैरसमज: फुफ्फुसं कॉलरबोनच्या खालीच असतात.

वस्तुस्थिती: छातीच्या पिंजऱ्याचं हे तोंड पुढे उतरतं असल्याने फुफ्फुसाचं टोक कॉलरबोनच्या आतल्या भागाच्या वर सुमारे 2.5 सेंमी डोकावतं. त्यामुळे तिथे सुई किंवा धारदार वस्तू खोल गेली, तर फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते. अशा जखमेनंतर छातीत कळ आली किंवा दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठावं.

गैरसमज: हाताला मुंग्या आल्या म्हणजे मानेचे मणके झिजले.

वस्तुस्थिती: दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा केस विंचरताना करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर पहिल्या बरगडीपाशी नस दाबली जात असू शकते. याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांत त्रास नसांचा असतो आणि उपचार सहसा फिजिओथेरपीने सुरू होतात. पण अचानक सगळा हात सुजून निळसर झाला, तर शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा मालिश करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

गैरसमज: एक्स-रेमध्ये मानेत जास्तीची बरगडी दिसली की ऑपरेशन अटळ.

वस्तुस्थिती: अशी बरगडी शंभरात जेमतेम एखाद्याला असते आणि बहुतेकांना तिचा जन्मभर त्रास होत नाही. नस किंवा धमनी दाबली जात असेल, तरच ती काढण्याचा विचार होतो.

गैरसमज: खांदा दुखतोय, म्हणजे फ्रोझन शोल्डरच.

वस्तुस्थिती: फुफ्फुसाच्या टोकाशी वाढणारा कर्करोग बऱ्याचदा खोकल्याआधी खांदेदुखीने प्रकट होतो. फिलाडेल्फियाचे रेडिओलॉजिस्ट हेन्री पॅनकोस्ट यांनी 1924 आणि 1932 मध्ये त्याचं वर्णन केलं. कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जाते. त्याच बाजूची पापणी झुकते, बाहुली बारीक होते. साध्या एक्स-रेत ही गाठ कॉलरबोन आणि बरगड्यांच्या आड लपू शकते, म्हणून सीटी स्कॅन लागतो.

गैरसमज: थायरॉइडची गाठ गळ्यावर दिसते तेवढीच असते.

वस्तुस्थिती: ती उरोस्थीच्या मागेही उतरू शकते. डॉक्टर रुग्णाला दोन्ही हात कानाला टेकतील असे मिनिटभर वर धरायला सांगतात. चेहरा लाल-निळसर झाला, तर गाठ शिरा दाबते आहे असं समजतं.

प्रत्येक खांदेदुखीमागे गंभीर आजार नसतो. पण विश्रांती आणि औषधांनीही दुखणं हटत नसेल, रात्री वाढत असेल, पापणी झुकली असेल किंवा पंजातली ताकद कमी होत असेल, तर मलम चोळत दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि धूम्रपान करत असाल तर तेही न लपवता सांगा.