मोहफुलं: विकायची की राखायची?

मार्चअखेर गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मोह गळू लागला, की बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुलं पहाटेपासून ऊन तापेपर्यंत गळत राहतात. उशीर झाला तर हरणं, अस्वलं फस्त करतात. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत वाघाची भीती खरी आहे. मोह वेचताना बायांवर हल्ले झालेले आहेत, त्यामुळे शहाणी बाई एकटी जात नाही.

वाकून एकेक फूल उचलायचं. झाडाखालचा पाला जाळला की फुलं चटकन दिसतात, पण त्याच आगीतून वणवा पेटतो. म्हणून काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे फुलाला माती लागत नाही. मातीतलं फूल दारूला चालतं, लाडवाला नाही. मग तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवण. पांढुरकी, रसाळ फुलं तांबूस होऊन आक्रसतात; चोळून आतले केसर काढायचे, भाजायचं, कुटायचं, तीळ-गूळ घालून लाडू वळायचे. जरा ओल राहिली तर सगळा माल आंबतो.

काम बाईचं असलं तरी कायद्याने या फुलाकडे दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिलं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली, 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, तरी मोहाची साठवण आणि वाहतूक अडलेलीच राहिली. ते निर्बंध राज्याने उठवले 2021 मध्ये.

आता अडचण पैशाची आहे.

हंगामात घरोघरी फुलं असतात, तेव्हा भाव पडलेला असतो. केंद्राने 2020 मध्ये वाळल्या फुलांची आधारभूत किंमत किलोला 30 रुपये केली. पण खरेदी केंद्र लांब आणि व्यापारी दारात, तर आधारभूत किमतीचा उपयोग काय? तेल-मिठासाठी, जुनी उचल फेडण्यासाठी फुलं लगेच जातात. पुढे पावसाळ्यात तीच चढ्या भावाने विकत घ्यावी लागतात. लाडवाचा धंदा वर्षभर चालवायचा तर बायांच्या बचत गटाकडे पावसाळा झेपेल असं कोरडं गोदाम हवं आणि एप्रिलमध्ये शेजारणींचा माल रोखीने घेण्याइतके पैसे हवेत.

बचत गटांना प्रशिक्षण मिळतं, प्रदर्शनात स्टॉल मिळतो. ते चांगलंच आहे. पण बँकेचं कर्ज जूनमध्ये हाती आलं तर हंगाम गेलेला असतो. बँकांनी आणि जिल्हा प्रशासनाने मोह वेचणाऱ्या गटांची कर्जप्रकरणं फेब्रुवारीतच मंजूर करावीत.