उपाध्यक्षाचे वजन कोणत्या काट्यावर तोलावयाचे?

अमेरिकेत अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्या जोडीला मिळून एकच मत द्यावे लागते. तेव्हा जोडीदारामुळे किती मते आली, हे मतपेटीही सांगत नाही. मग मतचाचणी काय सांगणार? ‘हे गृहस्थ आपणांस आवडतात काय?’ एवढे ती विचारते. पण आवडणे निराळे आणि त्यांच्यासाठी आपले मत फिरविणे निराळे. सभेत टाळ्या वाजविणारे सगळेच वर्गणी देत नाहीत, हे आम्हां युनियनवाल्यांस कोणी शिकवावयास नको.

१९८८ साल पाहा. डुकाकिस यांचे जोडीदार बेंटसन हे टेक्ससचे सेनेटर. तेथील कायद्याच्या सवलतीमुळे ते त्याच दिवशी सेनेटसाठीही उभे होते. सेनेटला टेक्ससने त्यांना सुमारे ५९ टक्के मते दिली. अध्यक्षपदाच्या जोडीला मात्र ४३. माणूस तोच, मतदार तेच!

शिवाय हजार माणसांच्या चाचणीत तीन टक्के इकडेतिकडे होतातच. जोडीदाराने एकदोन टक्के आणले, तरी ते त्यांतच बुडतात. निम्म्यांना नुसत्या अध्यक्षांची आणि निम्म्यांना जोड्यांची नावे सांगून विचारले, तर फरक थोडाफार दिसेल. पण त्यासाठी दहावीस हजार दारे ठोठवावी लागतील, आणि तेवढा खर्च कोण करणार?