विळा लागला की ‘टीटी’. पण आधीचे डोस किती झाले?

सोयाबीन काढताना विळा लागला, पायात खिळा घुसला की गावात पहिला प्रश्न ठरलेला, “टीटी घेतली का?” डॉक्टर मात्र वेगळंच विचारतात. याआधी कधी घेतली होती? इथं बहुतेक गडीमाणसं गप्प होतात.

बायकांचं तसं नसतं. गरोदरपणात घेतलेल्या डोसची नोंद कार्डावर असते. गड्याकडं कार्डच नाही. त्यात देशात सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली सुरू झालं, गावोगाव पोचायला पुढं काही वर्षं गेली. म्हणजे चाळिशीपुढच्या अनेकांना लहानपणीचे डोस मिळाले की नाही, सांगता येत नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतात. दोष गंजाचा नाही, खिळ्याला चिकटलेल्या मातीचा. ज्यानं कधीच लस घेतली नाही, त्याला जखमेनंतरच्या एका इंजेक्शनानं लगेच संरक्षण मिळत नाही. म्हणून अशा माणसाची जखम खोल, मातीनं भरलेली असेल तर डॉक्टर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही देतात. लसीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा महिने ते वर्षभरात. पण जखम भरली की कोण परत जातंय?

तीन डोस पुरे झाले की पुढं दर दहा वर्षांनी एक. जखम घाण असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर लगेच एक घ्यावा लागतो. दर खरचटीला इंजेक्शन घ्यायची गरज नाही. फार लवकर लवकर घेतलं तर दंड जास्त सुजतो.

सरकारी लसीकरणात आता टीटीऐवजी टीडी आहे. त्यात घटसर्पाचीही लस असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

मेडिकलवाल्याचं काम चिठ्ठी बघून लस देण्याचं. टोचायचं काम डॉक्टरचं किंवा नर्सचं. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, गोठली तर वाया जाते. तालुक्याहून खिशात घालून आणू नये, बर्फाला चिकटवूनही नाही.

जखम आधी साबण-पाण्यानं धुवायची. चुना, हळद, माती लावायची नाही. डोस घेतल्यावर तारखेसकट चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला, तर पुढच्या वेळी डॉक्टरला दाखवता येतो.